स्मार्ट मीटर : चुकीच्या जागी चाललेली लढाई

नाशिकमध्ये स्मार्ट मीटरचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. ग्राहक म्हणतो, ‘नवा मीटर पळतो.’ वीज कंपनी म्हणते, ‘काही वेगळे नाही, फक्त मीटर बदललाय, आणि तोही मोफत.’ मला दोन्ही वाक्ये चुकीची वाटतात. कंपनीच्या वाक्याकडे मी येणारच आहे, पण माझा मुख्य वाद पहिल्या वाक्याशी आहे. त्या वाक्याच्या भरवशावर मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, मीटर बसवायला आलेल्या पोरांना दारातून परत पाठवले गेले. मीटर मात्र बसतच राहिले. आणि ज्या गोष्टींसाठी खरोखर भांडायला हवे होते, त्या निवेदनांमध्ये फारशा उतरल्याच नाहीत.

मी हे वीज ग्राहक म्हणून लिहितो आहे. विरोध करणाऱ्यांचा राग मला समजतो. बिल हातात पडल्यावर घरात जो हिशेब सुरू होतो, कुठला पंखा बंद ठेवायचा, गीझर किती मिनिटे लावायचा, तो माझ्याही घरात होतो. पण राग खरा असला म्हणून त्याने धरलेली जागा बरोबर ठरत नाही.

आधी आकडे. ऑगस्ट २०२३ मध्ये महावितरणने राज्यातल्या सुमारे सव्वादोन कोटी ग्राहकांचे मीटर बदलण्याची कामे वाटून दिली. भांडुप, कल्याण, कोकण, पुणे, बारामती ही परिमंडळे अदानी समूहाकडे गेली, अकोला-अमरावती जीनसकडे, नागपूरची बाजू माँटेकार्लोकडे. नाशिक आणि जळगाव परिमंडळे हैदराबादच्या एनसीसी कंपनीकडे आली. या दोन परिमंडळांचा आकडा २८ लाख ८६ हजार मीटर आणि ३,४६१ कोटी रुपये असा आहे. भागाकार केला की एका मीटरमागे बारा हजार रुपयांच्या आसपास रक्कम येते.

हाच बारा हजारांचा आकडा विरोधाच्या प्रत्येक सभेत येतो. बाजारात दोन-तीन हजारांना मिळणारी वस्तू बारा हजारांना कशी, असा प्रश्न विचारला जातो आणि टाळ्या पडतात. या प्रश्नात एक चूक आहे. बारा हजार ही भिंतीवरच्या डब्याची किंमत नाही. डबा, तो बसवण्याची मजुरी, त्यातले संपर्काचे उपकरण, ते चालू ठेवण्याचा खर्च, खांबावरची यंत्रे, रोहित्रांवरचे मीटर, सगळा हिशेब ठेवणारी संगणक यंत्रणा आणि सुमारे दहा वर्षांची देखभाल हे सगळे त्यात आहे. दुकानातल्या मीटरशी तुलना केली की कंपनीला उत्तर देणे फार सोपे जाते. विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे : या बारा हजारांतले डब्याचे किती, संपर्काचे किती, व्याजाचे किती आणि नफ्याचे किती? ही फोड परिमंडळनिहाय जाहीर करा. या प्रश्नाला टाळी मिळणार नाही, पण उत्तर द्यावे लागेल.

इथेच ‘मोफत’ या शब्दाचाही निकाल लागतो. केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेतून आपल्यासारख्या राज्याला एका मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये अनुदान मिळते, आणि मुदतीत बसवले तर थोडा प्रोत्साहन निधी. उरलेले पैसे आज ठेकेदार घालतो आणि महावितरण ते त्याला दर महिन्याला, दर मीटरमागे, करार संपेपर्यंत फेडते. बारा हजार भागिले एकशेवीस महिने केले तर महिन्याला शंभर रुपये होतात. हे शंभर रुपये गळती कमी होऊन भरून निघतील, नाहीतर आपल्या वीजदरात येतील. तिसरी वाट मला दिसत नाही. दारात येऊन कुणी पैसे मागितले नाहीत एवढ्यावरून मीटरला मोफत म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना या खर्चावर पहिल्यापासून बोट ठेवत आली आहे. त्या मुद्द्यावर मी त्यांच्यासोबत आहे.

आता मीटर पळण्याकडे येऊ.

मीटर काय करतो? तारेतला दाब आणि प्रवाह सेकंदाला हजारो वेळा मोजतो, त्यांचा गुणाकार करतो आणि बेरीज ठेवतो. हे काम तुमच्या आधीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरनेही केले. स्मार्ट मीटरचा मोजणारा भाग त्याहून फार निराळा नाही. निराळे आहे ते मोजून झाल्यानंतरचे. अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद तो साठवतो आणि ठरल्या वेळी बाहेर पाठवतो. पाठवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत मीटरमध्ये मोबाइलसारखे सिम असते आणि तो थेट टॉवरशी बोलतो. दुसरीत मीटर शेजारच्या मीटरला निरोप देतो, तो पुढच्याला, असे करत निरोप खांबावरच्या संकलकापर्यंत आणि तिथून मुख्यालयापर्यंत पोचतो. तिथे ‘हेड एंड सिस्टीम’ नावाची यंत्रणा लाखो मीटरचे निरोप झेलते. तिच्यामागे ‘मीटर डेटा मॅनेजमेंट’ असते. ती आलेल्या आकड्यांची छाननी करते, राहिलेल्या नोंदी शोधते, विसंगत आकडे बाजूला काढते, आणि मग आकडा बिलाच्या विभागात जातो.

पूर्वी महिन्याला एक आकडा जायचा. आता महिन्याला चौदाशेच्या वर नोंदी जातात. हे झाले एका दिशेने. त्याच रस्त्याने उलटे हुकूमही येतात : पुरवठा तोड, पुरवठा जोड, भाराची मर्यादा बदल, दराच्या वेळा बदल, मीटरमधली आज्ञावली बदल. वीज गेली तर मीटर उरलेल्या क्षणभराच्या ताकदीवर ‘माझ्याकडे वीज नाही’ असा शेवटचा निरोप पाठवू शकतो, आणि आल्यावर ‘आली’ असा. हे सगळे लक्षात घेतले की ‘फक्त मीटर बदललाय’ हे वाक्य किती अपुरे आहे ते कळते. भिंतीवर मीटर बसला, पण बसले आहे ते जाळे.

मग बिल का वाढले? ज्यांची खरोखर वाढली त्यांना मी खोटे पाडत नाही. पण कारणे तपासली पाहिजेत. आपल्या बिलांवर ‘घर बंद’, ‘आरएनए’ (रीडिंग उपलब्ध नाही), ‘फॉल्टी’ असे शेरे वर्षानुवर्षे छापून येत होते. तेव्हा सरासरीने बिल यायचे आणि खरा वापर जुन्या मीटरमध्ये साठत राहायचा. मीटर बदलताना जुन्याचे शेवटचे रीडिंग घेतले जाते, थकलेली युनिट एकदम बाहेर येतात आणि नव्या मीटरच्या पहिल्या बिलावर बसतात. त्यात आपली दररचना टप्प्यांची. पहिल्या शंभर युनिटांनंतरचा दर जवळपास दुप्पट होतो. वीस युनिट वाढली तरी ती महाग टप्प्यात पडतात आणि बिल वापराच्या मानाने जास्त फुगते. मीटर एप्रिलमध्ये बदलला असेल तर उन्हाळ्याचाही आळ त्याच्यावर येतो.

एक कारण मात्र असे आहे की ज्याची चर्चा जवळजवळ होत नाही, आणि जुन्या नाशिकमध्ये ती व्हायलाच हवी. चकतीचे जुने मीटर एका तारेतला प्रवाह मोजत. आजचे मीटर फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांतला प्रवाह मोजतात, आणि दोन्हींत फरक असेल तर जास्त असलेला धरतात. चोरी पकडण्यासाठी केलेली ही सोय आहे. पण सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत, पंचवटीतल्या वाड्यांत, एका घराच्या तीन वाटण्या झालेल्या असतात आणि वायरिंग मात्र आजोबांच्या काळचे एकच. दोन बिऱ्हाडांची न्यूट्रल कुठेतरी माळ्यावर एकत्र बांधलेली. तिथे शेजाऱ्याच्या घरातून परतणारा प्रवाह तुमच्या मीटरच्या न्यूट्रलमधून जाऊ शकतो आणि तुमच्या खात्यावर चढू शकतो. मीटर त्याच्या नियमाप्रमाणे बरोबर असतो आणि बिल तरीही अन्यायाचे असते. उपाय मोर्चा काढण्यात नाही, जाणत्या वायरमनकडून न्यूट्रल वेगळी करून घेण्यात आहे. आणि जबाबदारी नुसती ग्राहकाची नाही. जुन्या इमारतीत नवा मीटर लावताना दोन्ही तारांतला प्रवाह तपासून फरक असल्यास लेखी कळवणे ठेकेदारावर बंधनकारक करता येते. दोन मिनिटांचे काम आहे. ही मागणी कुणी लावून धरली असती, तर शेकडो तक्रारी दारातच मिटल्या असत्या.

बाहेरचे उदाहरण द्यायचे तर कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचे आहे. २००९ च्या उन्हाळ्यात तिथे स्मार्ट मीटर बसले, बिले भडकली, खटला झाला, लोक ‘मीटर पळतो’ हेच म्हणत होते. राज्याच्या नियामक आयोगाने स्वतंत्र तपासणी करून घेतली. सप्टेंबर २०१० च्या अहवालात मीटर अचूक निघाले. पण त्याच अहवालाने वीज कंपनीच्या ग्राहकसेवेवर ताशेरे ओढले : लोकांना वेळेवर समजावले नाही, तक्रारी नीट ऐकल्या नाहीत. त्या अहवालातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की तपासणी तिसऱ्याने केली.

कारण मीटर चुकूच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले. मंद करता येणारे एलईडी दिवे आणि तशीच उपकरणे लावून प्रवाह वेडावाकडा केल्यावर त्यांतल्या पाच मीटरांनी प्रत्यक्षापेक्षा खूप जास्त वीज दाखवली. एका स्थितीत फरक ५८२ टक्क्यांपर्यंत गेला. दोन मीटरांनी उलट कमी दाखवली. दोष प्रवाह मोजणाऱ्या संवेदकाच्या प्रकारात सापडला. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेली ही टोकाची स्थिती होती, घरोघर असे घडते असा त्याचा अर्थ नाही. पण प्रमाणित मीटरही ठरावीक भारावर चुकू शकतो हे त्यातून सिद्ध झाले. आपले मीटर भारतीय मानक १६४४४ प्रमाणे असले तरी आपल्या घरांतला पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी, इन्व्हर्टर, हे सगळे एकत्र लावून त्यांची चाचणी झाली पाहिजे. आणि त्यासाठी नाशिककराला लांब जायला नको. केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा शिलापूरला आहे. ग्राहक प्रतिनिधींच्या समोर, चिठ्ठ्या टाकून निवडलेले मीटर गोदामातून उचला आणि तिथे तपासा, निकाल मराठीत प्रसिद्ध करा. ‘मीटर पळतो’ आणि ‘पळत नाही’ या वादाचा शेवट असा होतो.

दरम्यान प्रत्येक ग्राहकाच्या हातात एक हक्क आहे, तो फार कमी लोकांना माहीत आहे. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर कंपनीने पाच दिवसांत दुसरा पडताळणी मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून पाहायचे, असे त्यात आहे. वडोदऱ्यात मे २०२४ मध्ये असंतोष उसळला तेव्हा गुजरात सरकारला जुना मीटर शेजारी ठेवून दाखवण्याचा मार्ग घ्यावा लागला. मीटर नको असा अर्ज लिहिण्यापेक्षा पडताळणी मीटर हवा असा अर्ज लिहा. त्याला कायद्याचा आधार आहे, आणि त्यातून पुरावा तयार होतो. पुरावा हाती असेल तर ग्राहक तक्रार निवारण मंचात आणि पुढे विद्युत लोकपालांकडे उभे राहता येते. तिथे नुसती शंका चालत नाही.

आता प्रीपेडकडे. इथे विरोधकांनी मोठा विजय मिळवल्याचे सांगितले जाते. जून २०२४ मध्ये, लोकसभेचे निकाल नुकतेच लागलेले आणि विधानसभा समोर असताना, तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही असे जाहीर केले. मग तेच स्मार्ट मीटर ‘टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर’ या नावाने, महिनाअखेर बिल या पद्धतीवर बसू लागले. फसवणूक झाली अशी ओरड झाली. मी म्हणतो, फसवणुकीची सोय विरोधकांच्या मागणीतच राहून गेली होती. प्रीपेड की पोस्टपेड हे मीटरच्या डब्यात ठरत नाही, दूरच्या यंत्रणेतल्या एका नोंदीने ठरते. तोच मीटर आज पोस्टपेड आहे, उद्या रात्रीतून प्रीपेड होऊ शकतो, तुमच्या दारात कुणी येणारही नाही. त्यामुळे प्रीपेड मीटर नको या मागणीला पोस्टपेड मीटर देऊन ‘झाले तुमचे काम’ म्हणता आले. मागायला हवे होते ते असे : ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय पद्धत बदलता येणार नाही, हे राज्य वीज नियामक आयोगाच्या विनियमात लिहा. मंत्र्याची घोषणा त्या मंत्र्याबरोबर जाते, विनियम मोडला तर दाद मागता येते.

कायद्याचा आधारही तिथेच आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४७(५) प्रमाणे जो ग्राहक प्रीपेड मीटरवर वीज घ्यायला तयार असेल त्याच्याकडून कंपनी सुरक्षा ठेव मागू शकत नाही. ‘तयार असेल’ या शब्दांत ग्राहकाची निवड गृहीत आहे, असा युक्तिवाद ग्राहक संघटना करतात. मला तो पटतो. पण तो प्रीपेडपुरता आहे. मीटर कोणत्या जातीचा असावा हे ठरवण्याचा अधिकार कलम ५५ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे आहे, आणि ऑगस्ट २०२१ ची केंद्राची अधिसूचना स्मार्ट मीटरच्या बाजूची आहे. एकच कलम दोन्हीकडे ताणले की खरी बाजूही लंगडी पडते.

या जाळ्यात मला झोप उडवणारी गोष्ट कुठली वाटत असेल तर ती म्हणजे दुरून पुरवठा तोडणारा स्विच. १२ ऑगस्ट २०२० ला, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात दीड लाखांच्या आसपास स्मार्ट मीटरधारकांची वीज एकाएकी गेली. वादळ नव्हते, बिघाड तारेत नव्हता. चुकीचा हुकूम यंत्रणेतून सुटला आणि मीटरांनी तो पाळला. बिले भरलेल्यांचीही घरे अंधारात गेली. लखनौपासून अनेक शहरांत लोकांनी सणाची संध्याकाळ तशी काढली, चौकशी लागली, मीटर बसवणे थांबवले गेले. हे नाशिकमध्ये सिंहस्थाच्या गर्दीत झाले तर काय, हा प्रश्न मी घाबरवण्यासाठी विचारत नाही. वीज पुरवठ्याची जबाबदारी असलेल्या प्रत्येक अभियंत्याने तो विचारला पाहिजे. एका वेळी किती मीटर तोडता येतील याला यंत्रणेतच कमाल मर्यादा आहे का? तोडण्याच्या हुकमाला दोन माणसांची मंजुरी लागते का? तो अधिकार ठेकेदाराच्या माणसाकडे आहे की महावितरणच्या?

पूर्वी वीज तोडायला लाइनमन दारात यायचा. त्याला घरातली आजारी म्हातारी दिसायची, दोन दिवसांची मुदत मागता यायची. आता हुकूम येतो आणि काम होते. कायदा मात्र बदललेला नाही. कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. नोटीस न देता दुरून वीज तोडणे बेकायदेशीर आहे, हे प्रत्येक बिलाच्या मागे ठळक छापले पाहिजे. जाळ्याने तोडण्याचा वेग वाढवला, तर नोटिशीचे संरक्षणही तेवढेच पक्के हवे. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी दुरून तोडणे नको, कारण तेव्हा पैसे भरूनही ऐकायला कुणी नसते.

पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरपट्ट्यात उलटी अडचण आहे. तिथे रेंजच मिळत नाही. मीटर काही आठवड्यांच्या नोंदी स्वतःकडे जपून ठेवतो, संपर्क आला की पाठवतो. पण बिलाच्या तारखेला संपर्क नसेल तर यंत्रणा अंदाजाने आकडा भरू शकते. म्हणजे ‘आरएनए’ची जुनी पीडा नव्या वेशात परत. बिलावर ‘प्रत्यक्ष रीडिंग’ की ‘अंदाजे’ हे स्पष्ट छापायला काय अडचण आहे, मला समजत नाही.

मीटर नाकारण्याने काय गमावले जाते तेही पाहा. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून पुढे वाढत एक रुपयापर्यंत सवलत देण्याचे ठरले. दिवसा सौर वीज मुबलक आणि स्वस्त असते, म्हणून. वेळेची नोंद ठेवणारा मीटर नसेल तर ही सवलत देता येत नाही. घरी शिलाई, पापड, शिकवणी चालवणाऱ्या बाईला, निवृत्त जोडप्याला, दुपारी पंप चालवू शकणाऱ्या सोसायटीला ती उपयोगाची आहे. पण सकाळी साताला डबा करून सातपूर-अंबडला कामावर जाणाऱ्या घराला तिचा उपयोग थोडा. आणि २०२३ च्या केंद्रीय नियमांत दुसरी बाजूही आहे : गर्दीच्या वेळेचा दर नेहमीपेक्षा जास्त असावा, उद्योग, व्यापार आणि शेती सोडून इतर ग्राहकांसाठी किमान १.१ पट. संध्याकाळ म्हणजे स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, थकून आलेल्या माणसाचा पंखा. घरगुती ग्राहकाला संध्याकाळचा अधिभार लागणार नाही, निदान तीनशे युनिटांच्या आतल्याला तरी, ही मागणी आजच धरली पाहिजे. एकदा सगळीकडे मीटर बसले की अधिभार लावायला दराच्या आदेशातली एक ओळ पुरते.

नोंदींच्या मालकीचे काय, यावरही आपल्याकडे बोलले जात नाही. अर्ध्या तासाच्या आकड्यांवरून घर केव्हा उठते, केव्हा रिकामे असते, रात्री कोण जागते हे सांगता येते. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने याच कारणासाठी २००९ मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती नाकारली. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. ठेकेदाराकडे या नोंदी किती काळ राहतात आणि आणखी कुणाला दिसतात, याचे उत्तर मागणारा एकही फलक मला नाशिकच्या मोर्च्यांत दिसला नाही.

विरोधकांशी माझा सर्वांत मोठा वाद मात्र शेवटच्या मुद्द्यावर आहे. याच संघटना गेली कित्येक वर्षे सांगत आल्या आहेत की महावितरण आपली गळती आणि चोरी शेतीपंपांच्या वापरात लपवते. होगाडे यांनी हा आरोप आयोगासमोर पुन्हा पुन्हा मांडला. राज्यात चाळीस लाखांहून अधिक कृषिपंप आहेत, त्यांतल्या असंख्यांचा वापर मोजून नव्हे तर अंदाजाने ठरत आला आहे. शंका इतकी गंभीर होती की २०१५ मध्ये सरकारने विश्वास पाठक यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. आता साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आहे, तिचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात. पंपांच्या नावावर जितकी युनिट जास्त दाखवली जातील, तितका बोजा तुमच्या-माझ्या करावर.

हे उघडे पाडण्याचे साधन याच योजनेत आहे. सव्वादोन कोटी ग्राहकांचे मीटर सगळ्यांना दिसतात. त्याच कामात राज्यातल्या चार लाखांच्या आसपास रोहित्रांवर आणि हजारो वीजवाहिन्यांवर मीटर बसायचे आहेत, त्याबद्दल कुणी बोलत नाही. कृषिपंपांना स्मार्ट मीटर नसला तरी त्यांना वीज देणाऱ्या वाहिनीला आणि रोहित्राला असेल. निफाडच्या एखाद्या रोहित्रातून किती युनिट बाहेर पडली हे दर अर्ध्या तासाला कळेल. घरांचे मोजलेले वजा केले की उरलेले किती ते दिसेल. पंपाला वीज मिळतेच आठ-दहा तास, तर बाकीच्या तासांत कुणाच्या नावावर युनिट गेली हेही दिसेल. ज्या आरोपाला आजवर अंदाजाने उत्तर मिळत होते, त्याला आकड्याने उत्तर मिळू शकते. त्या मीटरांची मागणी सर्वांत मोठ्याने ग्राहक संघटनांनी करायला हवी होती. आपण मात्र घरातल्या डब्याशी भांडत राहिलो, आणि रोहित्रांवरचे मीटर किती बसले, किती चालू आहेत, हे विचारलेच नाही.

केंद्रीय ऊर्जा दक्षता ब्युरोचे ऑक्टोबर २०२१ चे विनियम आहेत. वितरण कंपनीने दर तिमाहीला ऊर्जेचा हिशेब मांडायचा आणि तो प्रसिद्ध करायचा, वर्षातून एकदा स्वतंत्र लेखापरीक्षण करून घ्यायचे, असे त्यात सांगितले आहे. नाशिक परिमंडळापुरता तो हिशेब रोहित्रापर्यंत खाली आणा, एवढीच मागणी घेऊन नाशिकरोडच्या विद्युत भवनावर एकदा जायला हवे. पंचवटीत कोणत्या रोहित्रावर किती गळती, मालेगावच्या वाहिनीवर किती, कुठल्या भागात महिन्याला किती तास वीज गेली, कारण ‘गेली’ आणि ‘आली’ हे निरोप आता यंत्रणेत नोंदलेले असतात. शहराने दिवसभर फोन लावून ‘आमच्याकडे वीज नाही’ सांगायचे आणि पलीकडून ‘तक्रार आलेली नाही’ ऐकायचे, हे त्यानंतर चालणार नाही. सेवेच्या मानकांत ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ वीज बंद राहिली तर भरपाई मिळण्याची तरतूद आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत आहे. ती ग्राहकाने अर्ज केल्यावर कशाला द्यायची? बंद कधी झाली आणि सुरू कधी झाली हे मीटरनेच कळवलेले असताना भरपाईची रक्कम पुढच्या बिलातून आपोआप वजा झाली पाहिजे. मीटर आमच्या घरातून दिवसाला अठ्ठेचाळीस नोंदी घेऊन जात असेल, तर त्याच मीटरने वीज कंपनीविरुद्ध नोंदवलेली साक्षही बिलावर उतरली पाहिजे, आणि तसा आदेश आयोगाने पुढच्या दर याचिकेच्या निकालातच द्यावा.